कुलूप लावण्याआधी आत कोण आहे ते बघा

आमच्या शाळेत संध्याकाळी कुलूप लावण्याचे काम शिपाईमामांचे. शेवटची घंटा झाली की पाच मिनिटांत पटांगण रिकामे होते, पण मामा लगेच कुलूप हातात घेत नाहीत. आधी ते मोठे फाटक ओढून घेतात, म्हणजे बाहेरून नवीन कोणी आत येऊ नये. मग व्हरांड्यातून एकेका वर्गात डोकावत जातात. दहावीचा जादा तास चालू असेल तर दारातूनच सांगतात, "सर, अजून दहा मिनिटं." दहा मिनिटांनी पुन्हा फेरी मारतात. तेव्हाही एखादा पोरगा बाकावर वाकून गणित सोडवत बसलेला असेल तर त्याला उठवतात, वही दप्तरात घालायला लावतात आणि राहिलेले घरी कर म्हणून सांगतात. त्यानंतर दिवे, पंखे, मेन स्विच. आणि सगळ्यात शेवटी कुलूप.

ही फेरी मी वर्षानुवर्षे बघत आलो आहे. त्यात शिकण्यासारखे काही आहे असे कधी वाटले नव्हते. दोन वर्षांपूर्वी एका चुकीने ते शिकवले. ती चूक शाळेच्या इमारतीत झाली नाही, शाळेच्या संगणकीय कामात झाली. पण नुकसान आमच्याच मुलांचे झाले, म्हणून आज त्यावर लिहितो आहे. मी भाषेचा शिक्षक, उर्दू आणि मराठी शिकवतो. संगणकाचे जे काही पुढे लिहिले आहे ते मी एका माजी विद्यार्थ्याला प्रश्न विचारून विचारून समजून घेतले आहे. वाचकांपैकी अनेकांची मुले, भाचे, पुतणे पुण्या-मुंबईत नाहीतर आखातात याच क्षेत्रात आहेत. त्यांच्यापर्यंत हा लेख पोहोचावा असेही मनात आहे.

घडले ते असे. हा आमचा माजी विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. शाळेच्या प्रेमापोटी त्याने एक छोटे वेब ॲप्लिकेशन फुकट करून दिले. शिष्यवृत्तीसाठी लागणारे उत्पन्नाचे दाखले, बँकेची पासबुके, आधार कार्डे यांचे मोबाइलवर फोटो काढायचे आणि ॲपवर चढवायचे. ॲप ते फोटो सरळ करी, त्यांचा आकार लहान करी, प्रत्येक मुलाची एक पीडीएफ बांधी आणि त्याचे नाव 'तयार' यादीत टाकी. ती यादी समोर ठेवून आम्ही सरकारी पोर्टलवर अर्ज भरत असू. आमचे कितीतरी तास त्याने वाचवले, हे आधीच सांगितले पाहिजे.

शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी, रात्री दहानंतर बसून मी ४१ मुलांची कागदपत्रे चढवली. प्रत्येक वेळी हिरव्या अक्षरांत उत्तर आले, 'कागदपत्रे मिळाली.' एक्केचाळिसाव्यालाही आले. मी निर्धास्त झोपलो. सकाळी यादी उघडली, त्यातली नावे घेतली आणि दिवसभर बसून अर्ज भरले. यादीत २६ नावे होती. मी मोजली नाहीत. ही माझी चूक, आणि ती मी कोणावर ढकलणार नाही.

मुदत संपल्यावर एका मुलीची आई शाळेत आली आणि पोरीच्या अर्जाचे काय झाले विचारू लागली. शोधायला गेलो तर १५ नावे गायब. ॲपमध्ये त्यांचा मागमूस नाही. फोटोसुद्धा नाहीत. पुढे मुदतवाढ मिळाली म्हणून १३ जणांचे अर्ज पुन्हा कागद गोळा करून भरता आले. दोघांचे राहिले. एकाचे घर दाखले घेऊन मुंबईला गेले होते. दुसरीचा उत्पन्नाचा दाखला हरवला आणि नवा काढायला देवरुखच्या तहसीलला खेपा घालण्याइतकी सवड तिच्या मोलमजुरी करणाऱ्या आईला नव्हती. त्या दोन मुलांचे त्या वर्षाचे पैसे गेले. रक्कम सांगितली तर शहरातल्या वाचकाला हसू येईल. त्या घरांना आले नाही.

मी पुण्याला फोन केला. त्याने सर्व्हरवरच्या नोंदी तपासल्या आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, चूक माझी आहे. त्या रात्री पावणेअकराला मी नवीन आवृत्ती टाकली. त्यासाठी ॲप बंद करून परत चालू केलं. पंधरा मुलांचं काम रांगेत होतं. ते रांगेसकट गेलं."

"पण मला तर 'मिळाली' म्हणून उत्तर आलं होतं," मी म्हणालो.

"हो सर. मिळाली होती. झाली नव्हती."

'मिळाली' आणि 'झाली' या दोन शब्दांमध्ये काय असते, ते मला त्या दिवसापासून समजू लागले.

वेब ॲप्लिकेशन म्हणजे कुठल्यातरी सर्व्हरवर सतत चालू असलेला एक कार्यक्रम. आपण मोबाइलवर बटण दाबले की आपली विनंती त्याच्याकडे जाते. तो ती एका 'थ्रेड'कडे सोपवतो. थ्रेड म्हणजे धागा, एकाच कार्यक्रमाच्या आत स्वतंत्रपणे चालणारा कामाचा एक धागा. असे अनेक धागे एकाच वेळी चालतात, म्हणून शंभर माणसांना एकदम उत्तर मिळू शकते.

काही कामे मात्र वेळखाऊ असतात. पीडीएफ बांधणे, संदेश पाठवणे, मोठा अहवाल तयार करणे. तोवर माणसाला पडद्याकडे बघत बसवून ठेवणे बरे नव्हे. म्हणून प्रोग्रामर काय करतो, तर उत्तर लगेच देतो, 'मिळाले', आणि खरे काम पडद्यामागच्या दुसऱ्या धाग्याकडे टाकतो. तो धागा आपल्या गतीने एकामागून एक काम उरकत राहतो. राहिलेली कामे रांगेत थांबतात. ही रांग बहुतेक वेळा संगणकाच्या मेमरीत असते, म्हणजे पाटीवर खडूने लिहिलेली. कार्यक्रम बंद झाला की पाटी पुसली जाते. त्या रात्री माझी २६ मुले पार पडली होती आणि १५ जण पाटीवर होती. फोटोही तात्पुरत्या फोल्डरमध्ये होते, ते नवीन आवृत्तीने सुरू होताना साफ करून टाकले.

यावर कोणी म्हणेल, ॲप रोज थोडेच बंद होते? मलाही तसेच वाटत होते. खरी गोष्ट अशी की वेब ॲप्लिकेशन बंद होणे हा अपघात नसून रोजचा व्यवहार आहे. नवीन आवृत्ती टाकताना ते बंद होते. सर्व्हरची दुरुस्ती होताना बंद होते. भाड्याच्या क्लाउडमध्ये गर्दी कमी झाली की जादा यंत्रे आपोआप बंद केली जातात. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरचे उदाहरण घ्या. त्याची मूळ मांडणी अशी असते की २० मिनिटे कोणी फिरकले नाही तर ॲप झोपवायचे, आणि फिरकत असले तरी दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, नव्याने सुरू करायचे. ज्याने ही मांडणी बदललेली नाही त्याचे ॲप त्याला नकळत असे बंद-चालू होत असते. त्या क्षणी पडद्यामागे कोण काय करत होते, हे कोणीतरी बघायला नको का?

बंद करतानाच्या चुका दोन प्रकारच्या असतात आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत.

पहिली चूक आमच्यासारखी. आत मूल असताना कुलूप लावले. जावा भाषेत काही धाग्यांना 'डीमन' असे नाव देता येते. अशा धाग्यांसाठी जावा थांबत नाही. मुख्य कामे संपली की डीमन धागे जिथे असतील तिथे तुटतात. फाइल अर्धी लिहिलेली असो की संदेश अर्ध्या पालकांना गेलेला असो.

दुसरी चूक याच्या उलट. घंटा झाली, कुलूप लागले, पण आतला माणूस बाहेर पडतच नाही. डीमन नसलेला धागा कोणी थांबवला नाही तर कार्यक्रम बंदच होत नाही. बंद करणारा वाट बघून कंटाळतो आणि शेवटी गळा दाबून बंद करतो. टॉमकॅटसारख्या सर्व्हरवर याहून वाईट होते. तिथे सर्व्हर चालूच असतो, फक्त आपल्या ॲपची जुनी आवृत्ती काढून नवी ठेवतात. जुन्या ॲपचा धागा तसाच राहिला तर तो आपल्यासोबत सगळी जुनी आवृत्ती मेमरीत धरून बसतो. असे चार-पाच वेळा झाले की मेमरी संपते. शिवाय तो धागा रोज रात्री संदेश पाठवणारा असेल, तर आता जुना एक आणि नवा एक असे दोन धागे तेच संदेश पाठवतात. 'आमच्या मोबाइलवर एकच निरोप दोनदा का येतो?' असे पालक विचारतात तेव्हा कधीकधी उत्तर इतके साधे असते. टॉमकॅट आपल्या नोंदवहीत स्पष्ट इशारा लिहितो की या ॲपने एक धागा सुरू केला होता आणि तो थांबवला नाही. माझा विद्यार्थी सांगतो की तो इशारा बहुतेक लोक वाचून सोडून देतात.

मग बरोबर रीत कोणती? ती त्याने मला समजावली तेव्हा मला हसू आले, कारण ती शिपाईमामांची फेरी होती. त्याच क्रमाने.

पहिले, फाटक ओढून घेणे. बंद होण्याची सूचना आली की नवीन विनंत्या घेणे थांबवायचे. ही सूचना कशी येते? लिनक्स यंत्रावर 'सिगटर्म' नावाचा इशारा येतो. तो विनंतीसारखा आहे, 'आवरते घ्या' म्हणणारा. ऐकणारा त्यावर तयारी करू शकतो. ऐकले नाही तर 'सिगकिल' येतो. तो अडवता येत नाही आणि त्यात शेवटचा शब्द बोलायलाही वेळ मिळत नाही. या दोघांच्या मध्ये किती सवड मिळते ते ठरलेले असते. मूळ मांडणीत डॉकर १० सेकंद देतो, कुबरनेटिस ३० सेकंद, आणि लिनक्सवरची सिस्टमडी ही व्यवस्था साधारणपणे ९० सेकंद. ही आपली दहा मिनिटे.

दुसरे, वर्गावर्गांत डोकावणे. जावात पडद्यामागची कामे 'एक्झिक्युटर सर्व्हिस' नावाच्या मुकादमाकडे देता येतात. २००४ मध्ये जावाच्या पाचव्या आवृत्तीत तो आला. सगळे धागे त्याच्यामार्फतच चालवले तर आत कोण आहे हे एका जागी कळते. ज्याने मनाला येईल तिथे सुटे धागे सुरू केले, त्याला बंद करताना कोणत्या वर्गात कोण बसले आहे ते कसे कळणार? वेब ॲप बंद होताना सर्व्हर एका ठरावीक जागी हाक मारतो. तिथे या मुकादमाला 'शटडाउन' म्हणायचे. याचा अर्थ लगेच थांब असा नसतो. नवीन काम घेऊ नकोस, हातातले आणि रांगेतले मात्र पुरे कर, असा असतो.

तिसरे, थांबणे. 'अवेट टर्मिनेशन' म्हणून अमुक सेकंद वाट बघायची. इथे हिशेब हवा. बाहेरचा मालक ३० सेकंदांत गळा दाबणार असेल आणि आपण ६० सेकंद थांबायचे ठरवले, तर आपले ठरवणे वाया. आपली वाट बाहेरच्या सवडीपेक्षा कमी असली पाहिजे, म्हणजे पुढच्या पायरीला वेळ उरतो.

चौथे, उठवणे. वेळ संपली की 'शटडाउन नाउ'. यात चालू धाग्यांना 'इंटरप्ट' म्हणजे खांद्यावर हात ठेवल्यासारखी खूण मिळते. धाग्याने ती खूण पाहून स्वतः आवरते घ्यायचे असते, जबरदस्ती नसते. पूर्वी जावात धागा जागच्या जागी तोडण्याची सोय होती. १९९८ मध्ये आलेल्या आवृत्तीत ती वापरू नका असे सांगण्यात आले, कारण असा तुटलेला धागा सामाईक माहिती अर्धवट, विस्कटलेल्या अवस्थेत सोडून जातो. पण खूण न पाहणारे प्रोग्रामही पुष्कळ. अनेकजण ती खूण पकडतात आणि तिथे काहीच लिहीत नाहीत, म्हणजे खांद्यावरचा हात झटकून पुन्हा वहीत डोके घालतात.

पाचवे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे. हे 'शटडाउन नाउ' परत येताना एक यादी आणते, जी कामे सुरूच झाली नव्हती त्यांची. म्हणजे जावा स्वतः सांगते की ही पंधरा मुले राहिली. प्रोग्रामरने ती यादी हातात घेऊन कुठेतरी लिहून ठेवायची असते. बहुतेकजण ती घेतच नाहीत. माझ्या विद्यार्थ्याने तर हाकच लिहिली नव्हती, मग यादी कुठून येणार.

आणि दिवे सगळ्यात शेवटी. डेटाबेसची जोडणी आधी बंद केली आणि धागे अजून लिहीतच असले, तर ते अंधारात वही पुरी करणार कशी? आधी काम करणारे थांबवायचे, मग ज्याच्या आधाराने ते काम करतात ते बंद करायचे.

एवढे सगळे केले तर झाले का? इथे मला माझ्या विद्यार्थ्याच्या पहिल्या उत्तराशी वाद घालावा लागला. तो म्हणाला, "सर, आता मी नीट बंद करतो, पुन्हा असं होणार नाही." मी त्याला विचारले, "आणि लाइट गेली तर?"

कोकणात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचायला संगणक यावा लागत नाही. पावसाळ्यात शास्त्री आणि सोनवी फुगल्या, कुठे झाड तारांवर पडले, की आमच्याकडे कोणी 'आवरते घ्या' म्हणत नाही. थेट अंधार. २२ जुलै २०२१ च्या पुरात शेजारच्या चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली तेव्हा दुकानदारांना वह्या उचलायलाही सवड मिळाली नाही. हे खेड्यापाड्यांचेच दुखणे आहे असेही नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या.

पुढच्याच वर्षी, २४ फेब्रुवारी २०२१ ला, मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराला सकाळी ११.४० ला व्यवहार थांबवावे लागले. दूरसंचार जोडण्या बिघडल्या आणि जोखीम तपासणारी यंत्रणा उपलब्ध राहिली नाही. बाजार दुपारी ३.४५ ला पुन्हा उघडला आणि ५ पर्यंत चालला. मधल्या चार तासांत ज्यांनी सकाळी सौदा उघडला होता आणि दिवस संपण्याआधी मिटवायचा होता ते अडकले. तिथले कारण आमच्यापेक्षा निराळे होते आणि रकमांची तर तुलनाच नको. पण थांबण्याच्या क्षणी कोणाचे काम अर्ध्यावर होते आणि त्याचा भार कोणी सोसला, हा प्रश्न तोच. भार अर्ध्यावर असलेल्यानेच सोसला.

म्हणून माझे म्हणणे असे की नीट बंद करणे ही सभ्यता आहे, पण भरवसा त्यावर ठेवता येत नाही. भरवसा ठेवायचा तर 'मिळाले' हा शब्द उच्चारण्याआधी काम अशा जागी लिहिलेले असले पाहिजे जी जागा वीज गेल्यावरही राहते. पोस्टग्रेससारखे डेटाबेस नेमके हेच करतात. बदल आधी नोंदवहीत पक्का लिहितात, मगच 'झाले' म्हणतात. वीज जाऊन आली की नोंदवही वाचून जिथे होते तिथून उभे राहतात. आपल्या पडद्यामागच्या कामांनाही हीच रीत लावायची. मेमरीतल्या पाटीऐवजी डेटाबेसात कामांची एक वही ठेवायची. प्रत्येक कामासमोर 'आले', 'चालू', 'झाले' यांपैकी एक शेरा. ॲप पुन्हा सुरू झाले की 'आले' असलेली कामे उचलायची आणि 'चालू' म्हणून अडकून पडलेली नव्याने करायची.

नव्याने करताना एक सावधगिरी लागते. तेच काम दुसऱ्यांदा झाले तरी परिणाम दुप्पट होता कामा नये. पीडीएफ दोनदा बांधली तर बिघडत नाही. पतसंस्थेच्या खात्यात व्याज दोनदा जमा झाले तर बिघडते. म्हणून प्रत्येक कामाला क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक आधी पार पडला आहे का ते बघूनच पुढे जायचे.

भाषेच्या शिक्षकाला इथे एक शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. मराठीत आपण 'अनामत रक्कम' म्हणतो. हा शब्द मूळचा 'अमानत'. मराठीत येताना 'म' आणि 'न' यांनी जागा बदलल्या, अर्थ मात्र तोच राहिला. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली. पडद्यावर 'कागदपत्रे मिळाली' अशी हिरवी अक्षरे उमटतात तेव्हा त्या ॲपने अमानत स्वीकारलेली असते. समोरचा माणूस ती अक्षरे वाचून कागद परत दप्तरात टाकतो, सर्व्हरवर विसंबतो आणि झोपतो. यानंतर 'माझ्या मेमरीत होते, पुसले गेले' हे उत्तर चालत नाही. शेजाऱ्याचे दागिने सांभाळायला घेतले आणि घर बदलताना विसरलो, असे म्हणण्यासारखे ते आहे.

यावर दोन आक्षेप मला ऐकायला मिळाले. पहिला माझ्या एका सहकाऱ्याचा. "पोराने फुकट करून दिलं, त्याच्याकडून एवढी अपेक्षा कशी ठेवायची?" या म्हणण्यात तथ्य आहे. मी त्याच्यावर रागावलो नाही, आजही त्याचा ऋणी आहे. पण विहिरीला कठडा हवा, मग ती विहीर कोणी धर्मादाय बांधली असली तरी. फुकट दिलेल्या वस्तूवर गरीब माणूस जास्त विसंबतो, कारण त्याच्याकडे दुसरा मार्ग नसतो.

दुसरा आक्षेप प्रोग्रामरांचा. छोट्या ॲपला एवढा व्याप कशाला, पंधरा मिनिटांनी एकदा असे काहीतरी होणार, माणूस पुन्हा बटण दाबेल. पुन्हा दाबेल, पण राहिले आहे हे त्याला कळले तर! आमच्या प्रकरणात काम बुडाले यापेक्षा ते मुकाट्याने बुडाले, हे जास्त वाईट झाले. सकाळी लाल अक्षरांत '१५ राहिली' एवढे जरी दिसले असते तरी मी मुदतीच्या आत सगळे अर्ज भरले असते. हातात पूर्ण एक दिवस होता. मोठी व्यवस्था परवडत नसेल तर निदान राहिलेल्यांचा हिशेब तरी द्या.

या सगळ्यात शिक्षक म्हणून मला एक गोष्ट खटकते. मी विद्यार्थ्याला विचारले, "कॉलेजात बंद करणं शिकवलं नव्हतं का?" तो म्हणाला, धागा सुरू कसा करायचा हे पहिल्याच प्रात्यक्षिकात होते, थांबवायचा कसा हे परीक्षेपुरते. प्रात्यक्षिकात प्रोग्राम चालला, उत्तर आले, वही तपासली, गुण मिळाले. बंद करताना काय होते ते कोणी पाहिलेच नाही. बी.एड.ला आम्हाला पाठ टाचण लिहायला लावत. पस्तीस मिनिटांच्या तासातली शेवटची मिनिटे संकलनासाठी आणि गृहपाठासाठी राखून ठेवायची असत. विषय कितीही रंगला तरी घंटेच्या आधी आवरते घ्यायचे. जो विद्यार्थी-शिक्षक घंटा वाजेपर्यंत बोलत राही त्याचे गुण कापले जात. तेव्हा राग यायचा. आता वाटते, संगणकाच्या प्रात्यक्षिकातही परीक्षकाने प्रोग्राम चालू असताना मध्येच बंद करून पाहावा आणि विचारावे, 'काय राहिले? कुठे लिहिले आहेस?' या एका प्रश्नाने पुष्कळ फरक पडेल.

आणि आपण, जे ही ॲप्स वापरतो किंवा संस्थेसाठी करून घेतो? शाळा, मदरसे, पतसंस्था, मच्छीमार सोसायट्या, जमातीच्या समित्या, सगळीकडे आता कोणा ओळखीच्या पोराने केलेले ॲप असते. घेताना आपण रंग बघतो, बटणे बघतो, मोबाइलवर चालते का ते बघतो. यापुढे तीन प्रश्न विचारा. 'मिळाले' असे दाखवतो तेव्हा ते नेमके कुठे लिहिलेले असते? चालू असताना मध्येच बंद केले तर राहिलेली कामे पुन्हा सुरू होतात का? आणि राहिलेली किती आहेत हे मला कुठे दिसेल? ज्याने ॲप नीट केले आहे तो या तिन्हींची उत्तरे दोन मिनिटांत देईल. जो अडखळेल त्याच्यावर रागावू नका, त्याला आठवडाभर वेळ द्या. चौथी गोष्ट आपल्यासाठी, यादी मोजा. मी मोजली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आमच्या विद्यार्थ्याने ॲप दुरुस्त केले. आता फोटो चढवताच ते कायमच्या जागी जातात, कामाची नोंद डेटाबेसात होते आणि मगच उत्तर येते. नवीन आवृत्ती टाकण्याआधी तो मला संदेश पाठवतो. हिरव्या अक्षरांतले 'कागदपत्रे मिळाली' त्याने काढून टाकले. त्या जागी आता साधे काळे वाक्य येते, 'नोंद झाली, ४१ पैकी २६ तयार, १५ बाकी', आणि बाकीचा आकडा शून्य होईपर्यंत ते हलत नाही. मीही तो शून्य झाल्याशिवाय झोपायला जात नाही.

गेल्या मे महिन्यात तो गावी आला होता. संध्याकाळी शाळेत भेटायला आला तेव्हा मामांची फेरी चालू होती. मी त्याला म्हटले, जरा बघ. तो व्हरांड्यात उभा राहून शेवटच्या वर्गापर्यंत बघत राहिला आणि कुलूप लागल्यावर मामांना विचारले, "मामा, कधी कोणी आत राहिलंय का?"

मामा म्हणाले, "एकदा राहिला होता. तेव्हापासून बघतो."